कढत दूध

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, साताऱ्याला माझी सख्खी बहीण आहे तिच्याजवळही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी या गोष्टीच्या कडेकडेनं जाते आणि माघारी फिरते. मग आता तुमच्यापुढं का बोलते आहे? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा जिची ही गोष्ट आहे ती ऐकायला राहिलेली नाही, म्हणून असेल — आणि हेच कारण खरं असेल, तर मी अजून तशीच भित्री आहे असं समजा.

गोष्ट एका पावाची आहे. एवढं सगळं बोलून शेवटी पावाची? हो. पावाचीच.

रेखा, माझी धाकटी जाऊ, तो पाव करायची. मैद्याच्या पिठाचे लिंबाएवढे गोळे करायचे, पातळ केलेल्या गूळ-तुपात ते बुडवायचे, मधे मधे वेलदोड्याची पूड आणि तासगावचे बेदाणे पेरत एका खोल भांड्यात एकावर एक रचायचे, फुगू द्यायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. गरम असतानाच ताटात उपडं केलं की गूळ चारी बाजूंनी ओघळायचा आणि घरभर वास सुटायचा. सुरी लावायची नाही. सगळ्यांनी भोवती बसायचं आणि हातानं एकेक गोळा तोडून घ्यायचा. माझे दीर फौजेत होते. लग्नानंतर सहा वर्षं रेखा त्यांच्याबरोबर छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिली. तिथं शेजारी केरळची एक बाई होती, ती ईस्टरच्या सकाळी असला पाव करून सगळ्यांना बोलवायची. तिच्याकडून रेखा शिकली. मग अंडं काढून आणि साखरेऐवजी आपल्याकडचा गूळ घालून तिनं तो आपला करून घेतला. त्याला एक इंग्रजी नाव होतं, ते तिला पाठ होतं. आमच्या इस्लामपूरच्या घरात मात्र सगळे त्याला ‘तोडायचा पाव’ म्हणायचे. पाडव्याला श्रीखंड-पुरी दुपारी, आणि सकाळी गुढी उभारून झाली की हा पाव — असं आमच्याकडं ठरूनच गेलं होतं.

दीर गेले ते लढाईत नाही. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटली. रेखा तेव्हा एकतीस वर्षांची. मूलबाळ नव्हतं. एक ट्रंक आणि तो ओव्हन घेऊन ती आमच्याकडं कायमची राहायला आली. पेन्शन होती, त्यामुळं तिचा भार कुणावर नव्हता. उलट आमचाच भार तिनं उचलला. वर्षाच्या आत सासूबाईंची — आम्ही त्यांना आत्या म्हणायचो — उजवी बाजू लकव्यानं गेली, आणि त्यांचं सगळं रेखानं अंगावर घेतलं. सगळं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं आहे त्यांनाच कळेल. कूस बदलायची, भरवायचं, अंग पुसायचं, दिवसातनं तीनदा-चारदा चादर बदलायची, आणि वर त्यांची चिडचिड ऐकायची.

आणि मी? मी त्याच वर्षी शाळेत लागले.

लग्नाआधी साताऱ्याला मी दोन वर्षं शिकवलं होतं. लग्न झालं आणि ते सुटलं. मग बारा वर्षं भाकरी, धारा, मळ्यातल्या माणसांचा चहा. गावात नवी शाळा निघाली, तिथं मला घेतलं. सकाळी साडेनऊला इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायचं, पोरांनी ‘मॅडम’ म्हणून हाक मारायची, मधल्या सुट्टीत बायांबरोबर डबा खायचा — हे किती मोठं सुख असतं, हे घरात बारा वर्षं काढल्याशिवाय कळत नाही. आणि माझं हे सुख रेखाच्या दोन हातांवर उभं होतं. ते मला तेव्हा कळत नव्हतं असं सांगायला बरं वाटलं असतं. कळत होतं. चांगलं कळत होतं.

रेखा आल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी सांगलीच्या एका ओळखीच्या घरी रेखाच्या हातचा पाव नेला. मगदूम म्हणून कुटुंब, बेदाण्याचे व्यापारी, जैन. मगदूम बाई सांगलीत एक लहानसं दुकान काढणार होत्या — कॉफी, केक, पाव, सगळं बिनअंड्याचं. त्यांनी पाव खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. दुकानात पावाचं सगळं काम बघायला त्यांना बाई हवी होती. दुकानाच्या वर एक खोली होती, ती राहायला मिळणार होती. पाडव्याच्या सकाळी आम्ही नाष्ट्यालाच येतो म्हणाल्या, बरोबर बहीणही असेल, दुकान दोघींचं आहे. ताजा, समोर भाजलेला पाव खाऊन बघू आणि तिथंच ठरवून टाकू.

त्या दिवसापासून रेखा बदलली. म्हणजे काय झालं — ती गुणगुणायला लागली. आत्यांचं अंथरूण झटकताना, भांडी घासताना. तीन वर्षांत मी तिचा आवाज असा ऐकला नव्हता. एकदा मला म्हणाली, “आक्का, मला दुकान नको, पैसा नको. सकाळी उठून माझ्या कामाला जायचं, एवढंच पायजे. तुमी जाता तसं.”

तुमी जाता तसं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला मत्सर वाटला. घरात कुणीही पाहुणा आला की रेखाच्या हाताचं कौतुक करायचा, माझ्या कशाचंच नाही. मग वाटणारच, नाही का? मत्सर म्हटलं की मन जरा सैल पडतं. मत्सर सगळ्यांनाच होतो. पण तो मत्सर नव्हता. थोडा असेल. खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला पाडव्याच्या चार दिवस आधी जेवायला वाढताना समजलं. हे म्हणाले, “रेखा सांगलीला गेली तर आईचं कसं? तुझी शाळा…” आणि त्यांनी भाकरी मोडली.

रेखानं माझ्यासाठी वाटही काढून ठेवली होती, हेही सांगायला पाहिजे. मळ्यातली एक बाई दिवसभर यायला तयार होती. रेखानं तिला दोन आठवडे हाताशी घेऊन आत्यांचं सगळं शिकवलं होतं. दर रविवारी मी येते आणि त्यांना न्हाऊ घालते, असंही ती म्हणाली होती. म्हणजे माझी शाळा सुटेलच असं नव्हतं. पण ती बाई टिकली नाही तर? आत्यांनी तिला हाकलून लावलं तर? तर घरात मीच होते. एवढ्या एका ‘तर’साठी मी ते केलं.

पाडव्याची सकाळ. हे आणि माझा मुलगा गच्चीवर गुढीची काठी बांधत होते. रेखा गुढीला हात लावायची नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती आपणहून मागं सरायची. ती स्वयंपाकघरात होती. वाटीभर दुधात साखर आणि ईस्ट घालून तिनं फेस येऊ दिला, तो मैद्यात ओतला, आणि मळायचं बाकीचं दूध पातेल्यात निवायला ठेवलं. ईस्टचं तिनं मला मागंच समजावलं होतं — “जिवंत असतंय ते आक्का. कोमट दुधात फुलतंय, कढत लागलं की मरतंय.”

तेवढ्यात आत्यांनी हाक मारली. त्यांच्या हाकेवरनंच कळायचं, अंथरूण खराब झालंय म्हणून. रेखा हात धुता धुता म्हणाली, “आक्का, दूध कोमट झालं की पिठात घाला. बोट बुडवून बघा, सोसंल एवढंच. मी आलेच.”

मी बोट बुडवलं. दूध अगदी हवं तसं कोमट होतं.

मी गॅस पेटवला.

हे एका झटक्यात झालं, मलाच कळलं नाही — असं म्हणावंसं वाटतं. पण दूध तापायला वेळ लागतो. मी पातेल्यापुढं उभी होते. साय धरायला लागली, कडेनं बुडबुडे आले, मग दूध वर चढलं. आतनं आत्यांचं ओरडणं आणि रेखाचं “झालं आत्या, झालं, हे बघा” असं ऐकू येत होतं. माझ्या हाताशी तेवढा सगळा वेळ होता. गॅस बंद करता आला असता. मी चिमट्यानं पातेलं धरलं आणि उकळतं दूध पिठावर ओतलं. वाफ तोंडावर आली. मोठ्या चमच्यानं ढवळून गोळा केला, वर ओलं फडकं टाकलं, आणि पातेलं लगेच घासून ठेवलं.

पातेलं घासलं, हे लक्षात घ्या.

रेखा वीस-पंचवीस मिनिटांनी आली. गोळ्यात हात घातला आणि थांबली. “आक्का, लय गरम लागतंय.”

“मी बोट घालून बघितलं होतं की,” मी म्हणाले. “उकाड्याचं वाटत असेल.”

तिनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. मग मान हलवली आणि मळायला लागली. पीठ नेहमीसारखं ताणलं जात नव्हतं, चिकट गोळ्यासारखं हाताला लागत होतं. तिनं ते झाकून उन्हात ठेवलं. तासाभरानं बघितलं — होतं तेवढंच. मग कोमट पाण्याच्या घमेल्यात डबा ठेवला. काही नाही. घरातलं ईस्टचं पाकीट संपलं होतं आणि सणाच्या सकाळी गावात ते मिळणार कुठं? मगदूम बाईंचा फोन आला, आष्टा सोडलं, पोचतोच. रेखानं तसेच गोळे केले, गुळात बुडवले, रचले. ओव्हनच्या काचेपुढं ती गुडघ्यांवर बसून राहिली. आतल्या उष्णतेनं वर येईल असं तिला वाटत होतं. मी बाहेर पाहुण्यांसाठी सतरंज्या घालत होते.

पाव वर आला नाही. ताटात उपडा केला तो एक काळपट, चपटा दगड निघाला. पाहुणे भोवती बसलेले. मगदूम बाईंनी गोळा तोडायला हात घातला, तो सुटेना. शेवटी त्यांनी सुरी मागितली. एक तुकडा चघळला आणि म्हणाल्या, “गूळ छान आहे हं.” त्या वाईट नव्हत्या. बहिणीकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी. पण बहीण हसली, आणि रेखानं ते बघितलं.

आमच्या चुलत सासूबाई शेजारच्याच घरातनं आल्या होत्या. पाहुण्यांची गाडी वळते न वळते तोच दारातच म्हणाल्या, “सणादिवशी हिला कशाला चुलीपुढं बसवलासा? नवरा गेलेल्या बाईच्या हाताला यश यायचं हाय व्हय?”

घरातले सगळे तिथंच होते. मी हातात पावाचं ताट घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. दूध मी जास्त तापवलं — बास. मुद्दाम म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. चुकून म्हटलं असतं तरी रेखाच्या अंगावरचं ते बोलणं माझ्यावर आलं असतं, आणि मला ते सोसलं असतं. मी कुंकू लावणारी, मुलाची आई, शाळेतली मॅडम. मी ताट आत नेऊन ठेवलं.

रेखा गोठ्यात गेली आणि तो पाव तिनं म्हशीपुढं टाकला. परत आली ती आत्यांची चादर धुवायला बसली.

इथवर सांगितलं की वाटतं, झालं सांगून. पण अजून राहिलं आहे.

पंधरा दिवसांनी मगदूम बाईंचा परत फोन आला. ह्यांचा मोबाईल घरी राहिला होता, मी उचलला. म्हणाल्या, “अहो, एखाद्या वेळी होतं असं. रेखाताईंना म्हणावं, सांगलीला या, माझ्याच ओव्हनमध्ये एकदा करून बघा.” रेखा दहा पावलांवर ज्वारी निवडत बसली होती. मी फोन घेऊन अंगणात गेले आणि सांगितलं की तिचं मन आता राहिलं नाही, ती नको म्हणते. त्या म्हणाल्या, “अरेरे.” आत आले तेव्हा रेखानं विचारलं, कुणाचा होता? मी म्हणाले, शाळेतला.

त्या सकाळची चूक अंगात आलेला सैतान म्हणून खपवता आली असती. या फोनचं काय सांगू?

पुढची आठ वर्षं रेखानं आत्यांचं केलं. पिठात हात घातला तो भाकरीपुरता. ओव्हन ट्रंकेवर ठेवून त्यावर जुनी साडी घातली. पाडवा, दिवाळी, घरातलं बारसं — कुठलंही शुभकार्य असलं की ती आपणहून आत्यांच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. आपल्या हाताला यश नाही, हे आता तिलाच पटलं होतं. मी मुख्याध्यापिका झाले. शाळेत सत्कार झाला तेव्हा बोलताना मी म्हणाले की माझ्या धाकट्या जावेमुळं मी इथवर आले. टाळ्या पडल्या. रेखा तिथं नव्हती, घरी आत्यांजवळ होती. मला ते बोलताना भरून आलं होतं आणि मी तेव्हा नाटक करत नव्हते — याचा अर्थ काय लावायचा, ते मला अजून उमगलेलं नाही.

आत्या गेल्या. तेरावं झालं आणि रेखा म्हणाली, आता मी भावाकडं जाते. भाऊ कवठे महांकाळच्या पुढं एका वाडीत राहायचा. कोरडं रान, चार शेळ्या, दोन खोल्या. मी “राहा की गं” म्हणाले. एकदाच म्हणाले.

दीड वर्षानं तिच्या भावाचा फोन आला. रेखाच्या छातीत गाठ होती. आत्या होत्या तेव्हापासूनची, म्हणजे आमच्याच घरातली. त्यांना सोडून दवाखान्यात कसं जायचं म्हणून तिनं कुणाला दाखवली नव्हती. आता मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

मी एसटीनं गेले. एकटी. सांगायचं असं ठरवून गेले होते, हे खरं आहे. सगळ्या वाटेनं वाक्यं जुळवत होते. दुपारची वेळ होती. पत्र्याच्या खोलीत, दाराशी खाट टाकून ती पडली होती. इतकी लहान झाली होती की आधी मला चादरच दिसली. तिनं मला ओळखलं, भावजयीला म्हणाली, आक्कांना चहा टाक. भावजय आत गेली. मी खाटेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

पण ती आधी बोलली.

“आक्का, मला तुमची माफी मागायची हाय. त्या पाडव्याला पाव बिघडला नव्हं — तवा माझ्या मनात पाप आलं. वाटलं, तुमी मुद्दाम कढत दूध घातलंसा. लय दिवस मनात धरलं मी. तुमचं तोंड बघू वाटायचं न्हाई. तुमच्या हातचा चहा प्यायचे अन् मनात तेच. नंतर कळलं, माझाच हात तसला. तुमी कशाला तसं करशीला? पण ते पाप माझ्या मनात राहिलं. जायच्या आधी सांगावं म्हटलं.”

ती धापा टाकत होती. एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात मी परत, त्या पातेल्यापुढं होते तशीच, सगळं कळत असताना गप्प बसले होते.

ती माझ्याकडं बघत होती. मी उत्तर द्यायला हवं होतं.

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. म्हणाले, “वेडी कुठली. मनात कशाला ठेवायचं असलं? केलं माफ.”

तिनं डोळे मिटले. तिला बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. भावजयीनं चहा आणला, तो मी पूर्ण प्यायले, आणि चारच्या गाडीनं परत आले. सहाव्या दिवशी ती गेली.

ईस्ट मी मारलं, फोन मी दडवला. पण मला सांगायचं होतं ते हे — की मी तिला माफ केलं.